बडीशेपेच्या पुडीतला कागद

सोमवार, अकरा ऑगस्ट. सकाळी साडेदहाला प्रयोगशाळेत भाताची पेज गाळत होते.

दर वर्षी या दिवसांत लाळेचं प्रॅक्टिकल येतं. परीक्षानळीत पेज घ्यायची आणि आयोडीनचा थेंब टाकायचा. नळी निळीजांभळी होते. दुसऱ्या नळीत पेजेबरोबर थोडी लाळ घालून ती कोमट पाण्यात ठेवायची. तिथं थेंब टाकला तरी निळा रंग येत नाही, कारण लाळेतल्या एन्झाइमनं तोवर पेजेतला स्टार्च मोडून त्याची साखर केलेली असते. तिसऱ्या नळीत लाळेआधी आम्लाचे चार थेंब. तिथं लाळ असूनही काम होत नाही. आम्ल थोडं इकडंतिकडं झालं की सगळं कसं बिघडतं, हे मुलांना डोळ्यांनी दिसावं म्हणून ती नळी.

धाराशिवच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी बावीस वर्षं प्रयोगशाळा सहायक आहे. शिकवणं माझं काम नाही. मांडणं, मोजणं, धुणं हे माझं. पण बावीस वर्षं तेच ऐकल्यावर सर रजेवर असले तर चार वाक्यं मीही सांगू शकते. भिंतीवर कुलूप-किल्लीचा तक्ता आहे. एक एन्झाइम, एक काम. एका कुलपाला एकच किल्ली. तक्त्याचा खालचा कोपरा फाटला होता, तो मीच चिकटपट्टी लावून जोडलेला.

पहिली तुकडी सोमवारी, दुसरी मंगळवारी. म्हणून पेज जास्तीची केली आणि उरलेली बरणीत भरून फ्रिजमध्ये ठेवली. दीड वाजता डबा खाल्ला आणि अक्कांनी दिलेली बडीशेपेची पुडी सोडली.

अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. माकणीच्या. सव्वा वर्ष उपचारासाठी आमच्याकडं होत्या. आमचे हे लातूरला बियाणांच्या गोदामावर असतात, शनिवारी येतात. तेव्हा घरात आम्ही दोघीच. सकाळी मी निघताना अक्का दाराजवळच्या खिडकीत पुडी ठेवायच्या. घरी भाजलेली बडीशेप, थोडे तीळ, चिमूटभर ओवा. मी मागितली नव्हती कधी. "हापिसातलं खाणं पचत न्हाय," असं त्यांचं मत. डबा मी घरूनच नेते हे सांगून उपयोग नव्हता.

पुड्यांचा कागद पातळ, पांढरा, बारीक इंग्रजी छपाईचा. अक्कांच्या कॅन्सरच्या गोळ्यांच्या खोक्यात दर महिन्याला घडी घातलेला एक लांबच लांब कागद यायचा. खोकं फोडलं की तो अक्का उचलायच्या. त्याचे चौकोनी तुकडे करून गादीखाली ठेवायच्या. "पेपरची शाई बडीशेपेला लागती. ह्यो बरा हाय, धुतल्यावाणी." वर्षभर मी रोज त्या पुड्या सोडल्या आणि रोज कागद चुरगाळून टाकला. त्या सोमवारी टाकला नाही. कारण त्याच्या आधीच्या शुक्रवारपासून मी डोळ्यांसमोर येईल ते वाचत होते.

त्यासाठी मागचं सांगावं लागेल.

अक्कांना गेल्या वर्षी संक्रांतीच्या सुमाराला खोकला लागला. माकणीत तीन महिने खोकल्याची औषधं झाली, मग टीबीची तपासणी झाली, तीत काही निघालं नाही. मी त्यांना सोलापूरला नेलं. डॉक्टर तरुण होते, प्रश्न विचारून उत्तर येईपर्यंत थांबणारे.

"विडी, सिगारेट?" त्यांनी विचारलं.

"मिश्री लावते," अक्का म्हणाल्या. "धूर म्हणचाल तर चुलीचा. त्यो समद्याच बाया वढत्यात."

फुफ्फुसात गाठ निघाली. तुकडा काढून तपासणीला गेला आणि पंधरा दिवसांनी डॉक्टरांनी आम्हाला बसवून सांगितलं, की यात एक चांगली गोष्ट आहे. पेशीच्या अंगावर एक एन्झाइम असतं. बाहेरून निरोप आला की ते आत कळवतं, वाढा. निरोप थांबला की गप्प बसतं. अक्कांच्या गाठीत ते बिघडलं होतं. निरोप असो-नसो, आत सांगत सुटलं होतं. त्याच्या अंगात एक खाच असते. त्या खाचेत जाऊन बसणारी गोळी आहे. रोज एक. सलाइन नाही, केस जाणार नाहीत.

खोटं कशाला सांगू, मला त्या दिवशी बरं वाटलं. कॅन्सर या शब्दानं मी घाबरले होते, एन्झाइम या शब्दानं नाही. ते माझ्या टेबलावरचं होतं. खाच, गोळी, कुलूप, किल्ली. परतीच्या एसटीत मी अक्कांना समजावून सांगितलं.

"म्हंजी सालगड्यागत," अक्का म्हणाल्या. "मालक म्हणला थांब, तरी ह्यो नांगर हाणतोच."

"हो. आणि गोळी त्याचे हात बांधते."

"मग जेवाया तरी सोडायचे का न्हाय?"

"नाही सोडायचे."

"बिचारं," अक्का म्हणाल्या, आणि तुळजापूर येईपर्यंत झोपल्या.

मी त्यांना माकणीला परत जाऊ दिलं नाही. थोरले दीर म्हणाले, गोळी तर घ्यायची, ती इथंही घेईल. मी म्हटलं, गोळीची वेळ शेळ्यांच्या मागं फिरताना कोण पाळणार. यात उपकार काही नव्हते. मला नोकरी लागली तेव्हा माझी मुलगी दीड वर्षाची होती. अक्का म्हणाल्या होत्या, "ठेव हितं. दूध हाय, म्या हाय." चार वर्षं ठेवली. मी महिन्यातून दोनदा जायचे आणि ती मला बघून त्यांच्या पदराआड लपायची.

वही केली. पहिल्या पानावर डॉक्टरांच्या सूचना लिहिल्या. एक नंबरला लिहिलं: आम्हाला विचारल्याशिवाय दुसरं कुठलंही औषध नको. खाली दोन रेघा मारल्या.

पहिल्या महिन्यात अक्कांच्या तोंडावर पुरळ उठलं. नाक, गाल, हनुवटी, सगळीकडं लालभडक मुरमं. डॉक्टरांनी आधी सांगून ठेवलं होतं की असं होतं, घाबरू नका, गोळी अंगात पोचतेय असं समजा. अक्का आरशासमोर उभ्या राहून म्हणायच्या, "लगीन ठरायच्या वक्ताला एक मुरूम न्हवतं, अन् आता बघ. कोन बघाया येनार हाय मला?"

मुरमांचं त्यांना काही नव्हतं. त्रास होता पोटाचा. छातीखाली जळजळ, आंबट ढेकर. "पोटात इस्तू पडलाय," म्हणायच्या, आणि भाकरी अर्धी ठेवून उठायच्या. चार दिवस बघितलं, मग मी गॅसची गोळी सुरू केली. सकाळी उठल्याबरोबर उपाशीपोटी एक. तासाभरानं चहा, आणि मग मोठी, कॅन्सरची गोळी.

हे मी विचार करून केलं नाही. यात विचार करण्यासारखं काही आहे असं आमच्याकडं कुणालाच वाटत नाही. कडक गोळी उष्ण पडते, ती नुसती द्यायची नसते. मेडिकलवाला अंगदुखीच्या दोन गोळ्या कागदात बांधतो तेव्हा न मागता तिसरी गॅसची टाकतो. पंगतीत जेवून आलं की गॅसची, उपवास सोडताना गॅसची, लांबच्या एसटीत बसायच्या आधी गॅसची. माझ्या पर्समध्ये एखाद्या दिवशी रुमाल नसेल, ती पट्टी असतेच. तिला आम्ही औषधात धरत नाही. ताटात मीठ वाढतात तशी ती.

दर महिन्याला सोलापूरला डॉक्टर विचारायचे, "बाकी काही चालू आहे? आयुर्वेदिक, काढा, घरगुती?"

मी म्हणायचे, "काहीही नाही." आणि अभिमानानं म्हणायचे. कारण मध्ये माकणीहून थोरल्या दिरांनी कुणाकडून तरी आणून एक काढ्याची बाटली पाठवली होती, ती मी बाटलीसकट कचऱ्यात घातली होती. अक्का दोन दिवस बोलल्या नाहीत. "इतक्या लांबून धाडलं, चव तरी बघू द्यायची," एवढंच तिसऱ्या दिवशी म्हणाल्या. मी त्यांना वही दाखवली. एक नंबर, दोन रेघा.

गॅसची गोळी सुरू केल्यावर दोन-तीन आठवड्यांत जळजळ गेली. त्याच सुमाराला चेहराही निवळला. मुरमं वाळली, खपल्या पडल्या, खालून गुळगुळीत कातडी आली. अक्का पूर्वीसारख्या दोन भाकरी खायला लागल्या. एका रविवारी मी बाजारातून आले तर घरात तुपाचा वास. त्यांनी गुळाचा शिरा केला होता.

"आज काय?" मी विचारलं.

"तोंड बघ की माझं. निघालं समदं. आता कुनाच्या बी लग्नात मिरवायला मोकळी."

आम्ही दोघींनी शिरा खाल्ला. वाटीभर शेजारी दिला. पुढच्या खेपेला मीच डॉक्टरांना कौतुकानं सांगितलं की पुरळ पूर्ण गेलं. त्यांनी चेहरा बघितला, फाइलमध्ये काहीतरी लिहिलं आणि विचारलं, गोळी रोज घेतात ना? चुकत नाही? मला तो प्रश्न जरा लागला. मी वही पुढं केली. एक दिवस रिकामा नव्हता.

पहिल्या तपासणीत गाठ थोडी लहान झाली होती. "अपेक्षेइतकी नाही, पण कमी आहे," डॉक्टर म्हणाले. आम्ही फक्त 'कमी आहे' ऐकलं. वर्ष निघालं. या जूनमध्ये खोकला परत आला, जुलैत पाठ दुखू लागली, आणि शुक्रवारी आठ ऑगस्टला रिपोर्ट हातात पडला. गाठ वाढली होती आणि यकृतात तीन नवीन होत्या.

मी डॉक्टरांना विचारलं, एन्झाइम तर बंद केलं होतं ना आपण? मग हे वाढतंय कशावर?

त्यांनी कागदाच्या मागं चित्र काढलं. म्हणाले, बऱ्याच जणांत कधी ना कधी हे होतंच. काहींमध्ये ती खाच आपला आकार बदलते, मग गोळी बसत नाही. ती खूण रक्तात सापडली असती तर तिच्यावर दुसरी, नवी गोळी होती. अक्कांच्या रक्तात ती सापडली नाही. काहींमध्ये शेजारचं दुसरंच एन्झाइम पुढं येतं आणि याचं काम अंगावर घेतं. आणि आता असंही दिसायला लागलंय, की या एन्झाइमची खाच बंद केली, त्याचं नेहमीचं काम थांबवलं, तरी ते नुसतं तिथं असण्यानं पेशीला मदत करत राहतं. पेशीला साखर आत ओढून घ्यायला आधार देतं. भुकेनं मरायची ती पेशी जगते.

"हे त्याचं काम नाही," मी म्हटलं.

"नाही," ते म्हणाले. "म्हणजे, हे त्याचं काम आहे असं आम्हालाही माहीत नव्हतं."

"आमच्याकडं एक एन्झाइम, एक काम असं शिकवतात."

"मलाही तसंच शिकवलं. यांच्यात यातलं नेमकं कुठलं झालं, ते मी सांगू शकत नाही, मॅडम. आता सलाइन सुरू करू. गुरुवारी या."

परतीच्या एसटीत मी अक्कांना तेही सांगितलं. त्या विचारत होत्या आणि मला गप्प बसवत नव्हतं.

"हात बांधले तरी नुसतं उभं राहून दुसऱ्यांना जगवतंय, असं म्हणाले."

अक्कांनी खोकला थांबेपर्यंत वाट बघितली. "म्हंजी आपल्या सासूबाईवाणी," त्या म्हणाल्या. "हातपाय गेले तरी खाटंवर पडून घर चालवत हुत्या का न्हाय? नुस्त्या हायेत म्हणून समद्यांच्या चुली पेटायच्या."

आमच्या पुढच्या सीटवरची बाई वळून हसली. मीही हसले. तीन दिवसांनी मी तो पुडीचा कागद वाचला.

तळहाताएवढा तुकडा. बडीशेपेचा तेलकट डाग मध्यभागी. अक्षरं इतकी बारीक की मी टेबलावरचं भिंग घेतलं. पहिल्या ओळी कुठल्या तरी तक्त्याचा अर्धा भाग होत्या. त्याच्या खाली लिहिलं होतं की पोटातलं आम्ल जी औषधं दीर्घकाळ कमी ठेवतात, त्यांच्यामुळं ही गोळी रक्तात कमी उतरू शकते आणि तिचा परिणाम घटू शकतो. अशी औषधं टाळावीत. कंसात नावं होती. दुसरं नाव माझ्या पर्समधल्या गॅसच्या गोळ्यांच्या पट्टीवर होतं. मी पट्टी काढून शेजारी धरली आणि अक्षर अक्षर जुळवलं. मग पुन्हा एकदा जुळवलं. लेबलं वाचून बाटल्या लावणं हे माझं बावीस वर्षांचं काम.

दोन वाजता मुलं आली. मी त्यांना नळ्या दिल्या. तिसऱ्या नळीत आम्ल टाकताना ड्रॉपर मी स्वतः धरला, कारण त्यांच्या हाती दिला की ती नेहमी जास्त टाकतात. नळ्यांचे रंग यायचे तसे आले. चार वाजता मी नळ्या धुतल्या आणि व्हरांड्यात जाऊन सोलापूरला फोन लावला. डॉक्टरांनी पाच वाजता परत केला.

मी सगळं सांगितलं. नाव, किती मिलिग्रॅम, सकाळी किती वाजता.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"पहिल्या महिन्याच्या अखेरीपासून."

फोनवर फाइलची पानं उलटल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "मी प्रत्येक वेळी विचारलं होतं, मॅडम."

"हो. मी नाही म्हणाले."

"का?"

"ती औषधात धरली नाही."

"पुरळ कधी गेलं होतं?"

"गॅसची गोळी सुरू केली त्याच्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी."

मी म्हटलं, "स्पष्ट सांगा. याच्यामुळं झालं का?"

"असं मी म्हणू शकत नाही. न चुकता, नुसती तीच गोळी घेणाऱ्यांनाही ती लागू पडायची थांबते. वर्षात थांबते, कधी त्याआधी."

"मग याच्यामुळं झालं नाही?"

"असंही म्हणू शकत नाही."

"आता ती बंद करून हीच गोळी परत..."

"यकृतापर्यंत गेलंय. आता तेवढ्यावर थांबता येणार नाही. गॅसची आजपासून बंद करा. गुरुवारी या."

फोन ठेवला. प्रयोगशाळेत असा प्रश्न पडला तर सोपं असतं. दोन नळ्या घ्यायच्या, एकीत घालायचं, दुसरीत नाही, आणि बघायचं. अक्का एकच होत्या. आता कुणीही, कितीही शिकलेलं असलं तरी, मला हे कधीच सांगू शकणार नव्हतं. एन्झाइमनं दुसरी वाट धरली म्हणून, की मी रोज सकाळी पाण्याच्या पेल्याबरोबर त्याची वाट मोकळी करून दिली म्हणून. मी व्हरांड्यातल्या बाकावर बसले. शिपाई कुलूप घेऊन आला, तेव्हा उठले.

घरी अक्का दिवाणावर उशीला टेकून हरभऱ्याची डाळ निवडत होत्या. बसल्या बसल्या करता येईल तेवढंच काम त्या करायच्या, पण करायच्या. मी हातपाय धुतले, चहा टाकला, कप त्यांच्या हातात दिला आणि समोर स्टुलावर बसले. सांगायचं की नाही, हे मी रिक्षात ठरवून आले होते. गुरुवारी डॉक्टर त्यांच्यासमोर काढणारच होते. आणि तसं नसतं तरी, गोळी त्यांच्या पोटात गेली होती.

"अक्का, सकाळची गॅसची गोळी आजपासून बंद."

"का गं? संपली?"

"ती द्यायला नको होती. तिच्यामुळं मोठी गोळी अंगाला लागत नाही."

"कोन म्हणलं?"

"तुमच्या पुडीच्या कागदावर लिहिलंय. मी डॉक्टरांना विचारलं, ते पण हो म्हणाले."

अक्कांनी कप खाली ठेवला. सुपातली डाळ बोटानं एका बाजूला सारली. "म्हंजी, किती दिसाची लागली न्हाय?"

"पहिला महिना सोडून."

त्या हिशेबाला कधीच कच्च्या नव्हत्या. शाळेत गेल्या नव्हत्या, पण कुठली शेळी कधी व्यायली हे वीस वर्षांचं सांगायच्या. मी बघत होते. त्यांचा हात वर आला, गालावर गेला, तिथंच थांबला.

"मुरमं गेली तवा," त्या म्हणाल्या.

"हो."

"म्या शिरा केला हुता त्या दिशी."

मी गार होत चाललेला कप त्यांच्याकडं सरकवला.

"कागद म्याच घेतले," त्या म्हणाल्या. "खोकं फोडलं की पैला मीच."

"ते इंग्रजीत होते, अक्का. तुम्हाला काय कळणार होतं त्यातलं."

"मला न्हाय. तुला कळत हुतं की."

त्यांनी हे चढ्या आवाजात म्हटलं नाही. डाळ महाग झाली म्हणावं तसं म्हटलं. मग डाळ निवडायला लागल्या. खडा सापडला की तो उचलून दिवाणाच्या कडेला ठेवत होत्या. चहावर साय धरली.

"डॉक्टर म्हणाले, नुसत्या त्याच्यामुळं झालं असं नाही," मी म्हटलं. "कदाचित तसंही..."

"तू दिली नसतीस तर म्या जगले असते का?"

"माहीत नाही."

"त्यानला?"

"त्यांनाही माहीत नाही."

"मग कशाला बोलायलीस."

दिवे लावायच्या वेळी त्या पुन्हा बोलल्या. "गुरुवारी मी येत न्हाय. मला माकणीला नेऊन घाल."

"अक्का, सलाइन वेगळं असतं. त्याला गोळीचं काही..."

"न्हाय म्हणले ना."

"दोन तरी घेऊन बघा. नाही झेपलं तर बंद करू."

"तुझ्या हातचं लई घेतलं," अक्का म्हणाल्या. "आता बास."

हे त्यांनी कुठल्या अर्थानं म्हटलं ते मी विचारलं नाही. अजूनही मला सांगता येणार नाही. चार वर्षं माझी पोर सांभाळणारी बाई हे मायेनंही म्हणू शकते आणि रागानंही. मी लातूरला फोन केला. हे म्हणाले, "तू काय म्हणतीस?" मी म्हटलं, मी काही म्हणत नाही, त्या म्हणतात. ते म्हणाले, "मग घेऊन जा." थोरल्या दिरांना फोन केला. त्यांनी विचारलं, गुरुवारचं सोलापूर झालं की येणार का? मी म्हटलं, नाही, उद्याच. 'का' असं त्यांनी विचारलं नाही. म्हणाले, बरं, खाट बाहेर काढून ठेवतो.

मंगळवारी सकाळी सव्वापाचला उठले. स्वयंपाकघरात जाऊन पेल्यात पाणी घेतलं आणि पट्टीतून गोळी तळहातावर काढली. तेव्हा आठवलं. एकदा पट्टीतून निघालेली गोळी परत जात नाही. ती बेसिनमध्ये टाकली आणि नळ सोडला. पट्टी कात्रीनं कापून कचऱ्यात घातली. फळीवरची मोठ्या गोळ्यांची बाटली घेतली. अकरा उरल्या होत्या. ती घेऊन बाहेरच्या खोलीत गेले.

अक्का आंघोळ करून, हिरवं लुगडं नेसून दिवाणावर बसल्या होत्या. पिशवी शेजारी भरलेली. मी बाटली पुढं केली. त्यांनी बघितलं आणि मान हलवली, नको. मी ती परत फळीवर ठेवली.

दारातून बाहेर पडताना माझा हात सवयीनं खिडकीकडं गेला. खिडकीत काही नव्हतं.

रिक्षानं स्टँडवर गेलो. माकणीकडं जायची लोहाऱ्याची गाडी लागलेली होती. मी अक्कांना हाताला धरून चढवलं, खिडकीची जागा दिली, पिशवी त्यांच्या पायाशी ठेवली. चढताना त्यांना दम लागला होता, तो बसेपर्यंत मी उभी राहिले. मग दोन तिकिटं काढली. गाडी धाराशिवच्या बाहेर पडल्यावर त्यांनी पिशवीतून बडीशेपेचा स्टीलचा डबा काढला, चिमूटभर तोंडात टाकली, झाकण घट्ट लावलं आणि डबा परत आत ठेवला. आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या.

मी फोन काढून सरांना लावला. आज रजेवर आहे, म्हटलं. नळ्या धुऊन पालथ्या घातल्यात, आयोडीन डावीकडच्या कपाटात, आम्लाचा ड्रॉपर मुलांच्या हातात देऊ नका. पेज फ्रिजमध्ये आहे. ती आजच वापरा, उद्यापर्यंत टिकणार नाही.